मृदा आरोग्य पत्रिकेचं नवं पोर्टल : आपल्या वावराचे आकडे नेमके कुठे बघायचे?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं वावर अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. शेती बाबा बघतात, मी नोकरीसाठी पुण्यात असते. मृगाच्या आधी खतं भरून ठेवायची असतात, म्हणून बाबांनी सांगितलं की मातीचा रिपोर्ट नेटवरून काढून पाठव.

मृदा आरोग्य पत्रिकेच्या पोर्टलची जुनी मांडणी माझ्या सरावाची होती. 2023 मध्ये ते नव्याने बांधलं, नकाशे जोडले, डॅशबोर्ड आले. आता तिथे पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण माझ्यापुढे एकाच शेताबद्दल तीन वेगळी चित्रं आली आहेत.

पत्रिका म्हणते : सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब 0.52 टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी 292 किलो, म्हणजे 'मध्यम'.
न्यूट्रिएंट डॅशबोर्डवर आमचं गाव निवडलं तर नत्राच्या बाबतीत बहुतेक सगळं 'कमी'मध्ये.
मावसभाऊ नकाशांवर काम करतो. त्याने सॉइलग्रिड्स या जागतिक माती-नकाशाच्या फाइलमधून आमच्या शेताच्या जागेचे आकडे काढून पाठवले : पीएच 79, नायट्रोजन 95, चिकणमाती 540.

यातलं बाबांना काय सांगू? आणि नव्या पोर्टलवर कुठलं पान कशासाठी आहे हे कोणी नीट समजावून सांगेल का?

कापूसकोंड्या
पीएच 79 असेल तर ताई, आधी बाबांना बांधावरून मागे बोलवा. बाकीचं जाणकार सांगतीलच. :)

वाफसा
पूर्णाकाठ, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. प्रत्येक आकडा कोणाचा आहे ते कळलं की निम्मा गोंधळ संपतो. मी माती परीक्षणाच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृदा आरोग्य पत्रिकेची ही केंद्राची योजना 19 फेब्रुवारी 2015 ला राजस्थानातल्या सूरतगड इथे सुरू झाली. पत्रिकेत 12 गोष्टी तपासतात : नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, शिवाय सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. जुनं पोर्टल मुख्यतः ही पत्रिका छापून घेण्यासाठी होतं. नवं पोर्टल जीआयएसवर, म्हणजे नकाशाशी जोडलेल्या माहितीच्या प्रणालीवर, उभं केलंय. नमुना घेणारा माणूस मोबाईल अ‍ॅपमधून नोंद करतो, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप घेतले जातात, पिशवीला क्यूआर कोड मिळतो आणि प्रयोगशाळेतला निकाल त्या कोडवरून पुन्हा त्याच जागेला चिकटतो. म्हणून नकाशे आले. नकाशे आले म्हणून गाव, तालुका, जिल्हा अशी गोळाबेरीजही दिसायला लागली.

आता पानांबद्दल. 'सॉइल हेल्थ कार्ड' या पानावर तुमची पत्रिका मिळते. हा एका नमुन्याचा निकाल. 'न्यूट्रिएंट डॅशबोर्ड'वर गावातल्या सगळ्या नमुन्यांपैकी किती 'कमी'त पडले, किती 'मध्यम'मध्ये, किती 'जास्त'मध्ये, ते दिसतं. त्याला लॉगिन लागत नाही, कोणीही बघू शकतो. तिथे तुमचं शेत वेगळं दिसत नाही, ते त्या गर्दीतला एक नमुना असतं. 'फर्टिलायझर डोसेज' या पानावर आपले आकडे भरून पिकानुसार खताची मात्रा काढता येते.

बाबांना पत्रिकेतला आकडा सांगा, डॅशबोर्डचा नको. आणि 'मध्यम' हा शब्द नको, 292 हा आकडा सांगा. नत्राची 'कमी'ची रेघ हेक्टरी 280 किलोवर आहे, 280 ते 560 मध्यम. तुमची जमीन रेघेच्या जेमतेम वर आहे. 279 आणि 281 मध्ये जमीन बदलत नाही, फक्त रंग बदलतो. तुमचं शेत 'मध्यम' आणि गाव 'कमी' ही विसंगती वाटते तेवढी मोठी नाहीच.

शिवारफेरी
वाफसा, डॅशबोर्डबद्दल मी सहमत नाही. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. आम्हाला हंगामाआधी किती झिंक सल्फेट मागवायचं, गंधकयुक्त खत किती उचलायचं हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी तेच पान कामाचं आहे. गावातल्या बहुसंख्य नमुन्यांत जस्त रेघेखाली असेल तर एकेका सभासदाची पत्रिका गोळा करत बसायला वेळ नसतो. पूर्वी ही माहिती मिळवायला कृषी कार्यालयात अर्ज द्यावा लागायचा. आता घरबसल्या दिसते. ही नव्या रचनेतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं माझं मत आहे.

वाफसा
शिवारफेरी, सामूहिक खरेदीसाठी तुमचं म्हणणं मान्य. फक्त दोन गोष्टी बघून घेत चला. एक, डॅशबोर्ड नमुने मोजतो, क्षेत्र मोजत नाही. नदीकाठच्या बागायतीतून जास्त नमुने आले आणि माळावरून थोडे, तर चित्र बागायतीचं दिसणार. दोन, वरती कुठलं वर्ष निवडलंय ते बघा. एखाद्या वर्षी गावातून मोजकेच नमुने गेलेले असतात आणि तेवढ्यावर गावाचा रंग ठरतो. एकूण नमुने किती ते आधी बघायचं, मग टक्केवारीकडे वळायचं.

नकाशेवेडा
सॉइलग्रिड्सबद्दल मी लिहितो, कारण हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथल्या आयसरिक या संस्थेचं हे काम. जगभरातल्या सुमारे 2 लाख 40 हजार ठिकाणच्या मातीच्या नोंदी घेऊन, त्यांना हवामान, उंचसखलपणा, उपग्रहचित्रं अशा माहितीची जोड देऊन संगणकाने बाकीच्या जगाचा अंदाज बांधलाय. प्रत्येक चौकोन 250 मीटर बाय 250 मीटर, म्हणजे सव्वासहा हेक्टर, साधारण साडेपंधरा एकर. त्या चौकोनात तुमचं शेत, शेजाऱ्याचं शेत, मधला नाला आणि गावरस्ता सगळंच येऊ शकतं.

आता आकडे. फाइल हलकी राहावी म्हणून ते दशांशचिन्ह न ठेवता पूर्णांकात साठवतात. पीएच दहाने गुणून ठेवलेला असतो, म्हणजे 79 म्हणजे 7.9. चिकणमाती किलोमागे ग्रॅममध्ये, म्हणजे 540 म्हणजे 54 टक्के. सेंद्रिय कर्ब किलोमागे डेसिग्रॅममध्ये, तिथे 52 दिसलं तर ते तुमच्या पत्रिकेतलं 0.52 टक्के. नायट्रोजन किलोमागे सेंटिग्रॅममध्ये, म्हणजे 95 म्हणजे किलोमागे 0.95 ग्रॅम.

इथेच मोठी ठेच लागते. सॉइलग्रिड्सचा नायट्रोजन हा *एकूण* नायट्रोजन आहे. पत्रिकेतला *उपलब्ध* नत्र आहे. एकूण नायट्रोजनाचा फार मोठा भाग सेंद्रिय पदार्थात बांधलेला असतो, तो या हंगामात पिकाला मिळणार नाही. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नाहीत.

या साइटची रचनाही 2020 च्या आवृत्तीत बदलली. पूर्वी 0, 5, 15, 30, 60, 100 आणि 200 सेंटीमीटर अशा ठरावीक खोलीवरचे अंदाज मिळायचे. आता 0 ते 5, 5 ते 15, 15 ते 30, 30 ते 60, 60 ते 100, 100 ते 200 असे सहा थर आहेत. प्रत्येक थराला सरासरीबरोबर खालची आणि वरची मर्यादाही दिली आहे. ती मर्यादा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पीएचची खालची मर्यादा 68 आणि वरची 87 दिसली, तर समजायचं की यंत्राला स्वतःलाच खात्री नाही. नवीन माणूस सरासरी बघतो आणि पान बंद करतो.

पूर्णाकाठ, मावसभावाला विचारा त्याने कुठला थर घेतला. पत्रिकेचा नमुना वरच्या 15-20 सेंटीमीटरचा असतो. त्याने 60 ते 100 घेतला असेल तर तुलना करण्यात अर्थच नाही.

पूर्णाकाठ
बापरे, किती छान समजावलंत! मावसभावाने 0 ते 5 चा थर घेतला होता. म्हणजे 7.9 आणि पत्रिकेतलं 8.2, जवळजवळच म्हणायचं.

नकाशेवेडा
हो. जागतिक अंदाज आणि प्रत्यक्ष तपासणी इतकी जवळ आली तर उत्तमच. पण खत पत्रिकेवरूनच ठरवा.

आंबेवाला
आमच्याकडे रत्नागिरीत उलटा प्रकार. जांभ्या मातीत सामू पाच-साडेपाचच्या आसपास, लोह भरपूर, स्फुरद दिलं की जमीनच धरून ठेवते. पत्रिकेत लोह 'पुरेसं' लिहून येतं आणि ते बरोबरच असतं. पण देशावरच्या मित्राचा व्हिडिओ बघून आंब्याला लोहाच्या फवारण्या देणारे बागायतदार मी पाहिलेत. आपल्या मातीचा आकडा आपल्याच मातीतून यायला हवा. धाग्यात हे आलं ते बरं झालं.

द्राक्षबाग
आंबेवाला, आमच्या नाशिककडे लोह 'पुरेसं' आलं तरी पानं पिवळी पडतात, कारण मातीतल्या मुक्त चुनखडीमुळे झाडाला ते लोह उचलता येत नाही. आणि चुनखडी त्या 12 मध्ये नाही! पोर्टल कितीही शोधलं तरी सापडणार नाही, कारण ती तपासलेलीच नसते. द्राक्ष, डाळिंब, संत्रा लावणाऱ्यांनी प्रयोगशाळेत वेगळी सांगून चुनखडी तपासून घ्यावी.

बांधावरून
एक साधी युक्ती सांगतो. पत्रिकेवर नमुन्याचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात. ते जसेच्या तसे मोबाईलच्या नकाशात टाका आणि टाचणी कुठे पडते बघा. मग महाभूनकाशा या जमिनीच्या गटांच्या सरकारी नकाशांच्या साइटवर आपला गट नंबर उघडा आणि गटाचा आकार, नाला, रस्ता यांच्याशी जुळवा. टाचणी आपल्या गटात पडली तरच तो आकडा आपला.

दशांशचिन्हानंतर किती अंक आहेत तेही बघा. अक्षांशात 0.001 म्हणजे सुमारे 111 मीटर. दोनच अंक असतील तर टाचणी एक किलोमीटर इकडेतिकडे असू शकते, मग त्या टाचणीवरून काही ठरवू नका. चार अंक असतील तर फरक दहा-अकरा मीटरवर येतो.

पूर्णाकाठ
बांधावरून, लगेच करून बघितलं. आमच्या पत्रिकेवर चार अंक आहेत. टाचणी नाल्याच्या पलीकडे पडली, आमच्या वावरात नाही! तिकडे विहीर आहे, ओलीत आहे. आमचं कोरडवाहू. पत्रिकेवर नाव मात्र बाबांचं. हे कसं?

वाफसा
पत्रिका कधीची आहे? सुरुवातीच्या फेऱ्यांतली असेल तर उलगडा सोपा आहे. तेव्हा नमुने ग्रिडप्रमाणे घ्यायचे ठरलं होतं : बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत 10 हेक्टरला एक. 10 हेक्टर म्हणजे जवळपास 25 एकर. त्या चौकोनात जेवढे शेतकरी, तेवढ्यांना त्याच एका नमुन्याच्या निकालाच्या पत्रिका. देशभर कोट्यवधी शेतकऱ्यांपर्यंत पोचायचं तर दुसरा मार्ग नव्हता, आणि तालुक्याला एक शिफारस चालायची त्यापेक्षा हे कितीतरी पुढचं पाऊल होतं. 2019-20 मध्ये निवडक आदर्श गावांत प्रत्येक खातेदाराच्या शेतातून वेगळा नमुना घेतला गेला, कारण ग्रिडची ही मर्यादा सगळ्यांना दिसत होती.

तुमच्या बाबतीत 292 हा नाल्यापलीकडच्या ओलिताच्या शेताचा आकडा आहे. तिथे शेणखत, पाणी, पिकाचे अवशेष जास्त, म्हणून कर्ब आणि नत्र थोडं वर. तुमच्या कोरडवाहू वावरात ते कमी असण्याची शक्यता बरीच आहे. शिवारफेरींनी डॅशबोर्डची बाजू घेतली होती ती इथे लागू पडते. गावाचं चित्र 'कमी' दाखवत होतं, तो इशारा तुमच्यासाठी खरा असू शकतो.

शिवारफेरी
धन्यवाद वाफसा. :)

खारपाणपट्टा
पूर्णाकाठ ताई, मी तुमच्याच भागातला. एक गोष्ट कोणी बोललं नाही, आणि आपल्या भागात तीच सगळ्यात मोठी आहे.

आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या पूर्णेकाठच्या पट्ट्यात, दुखणं वरच्या थरात नसतं. वरची वीतभर माती तपासली की सामू 8.2, क्षारता (विद्युत वाहकता) 0.4, सगळं ठीकठाक दिसतं. खाली दोन-तीन फुटांवर सोडियम वाढत जातं. सोडियमने माती विखुरते, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. पाऊस जरा लागून राहिला की वावर चिबडतं, पंधरा दिवस उघडीप दिली की कपाशी माना टाकते. पाणी खाली गेलेलंच नसतं तर मुळांना मिळणार कुठून?

यासाठी बघायचा आकडा म्हणजे विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी, म्हणजे मातीच्या कणांना धरून असलेल्या क्षारद्रव्यांत सोडियमचा वाटा किती ते. पुस्तकात 15 च्या वर गेली की जमीन चोपण म्हणतात. पण पूर्णा खोऱ्यातल्या चिकण काळ्या जमिनीत त्याच्या बरंच खालीसुद्धा पाणी मुरणं मंदावतं, हे इथल्याच जमिनींवरच्या संशोधनात दिसलंय. हा आकडा पत्रिकेत नाही. पोर्टलची रचना नवी असो की जुनी, तो तिथे मिळायचा नाही.

म्हणून नवीन नमुना द्याल तेव्हा खालच्या थराचे नमुने वेगळे काढा. 30 सेंटीमीटरपर्यंतचा एक, 30 ते 60 चा दुसरा, 60 ते 90 चा तिसरा. तिन्ही पिशव्या वेगळ्या, प्रत्येकीत चिठ्ठी. आणि प्रयोगशाळेला सोडियमची तपासणी म्हणून स्पष्ट सांगा. त्यावरच जिप्सम (मातीतलं सोडियम हटवायला टाकतात ते खनिज) टाकायचं की नाही, आणि टाकायचं तर किती, हे ठरतं. अंदाजाने जिप्सम टाकून पैसा घालवू नका. आणि आपल्या बोअरचं पाणी खारट असेल तर तेही तपासा, ओलिताचा विचार त्याच्यानंतर.

काळी_कसदार
खारपाणपट्टा यांच्या प्रतिसादाला माझंही अनुमोदन. जमिनीची खोली, निचरा, खालचे थर हे सगळं जमिनीच्या सर्वेक्षणातून येतं, खताच्या तपासणीतून नाही. नागपूरला अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. 1976 पासून स्वतंत्र संस्था म्हणून काम चालू आहे. त्यांनी राज्यांचे 1:2,50,000 प्रमाणातले मृदा नकाशे केले, देशाचे 20 कृषी-पर्यावरण विभाग आणि 60 उपविभाग पाडले. 'भूमी' नावाचं त्यांचं जिओपोर्टल आहे. मात्र 1:2,50,000 म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. आपलं पाच एकराचं रान त्यावर ठिपकाही नाही. आपण कुठल्या प्रकारच्या जमिनीच्या मुलखात आहोत एवढंच त्यातून घ्यायचं. 1:10,000 चं काम वेगळं चालतं, त्यात एक सेंटीमीटर म्हणजे 100 मीटर. मृदा आरोग्य पोर्टलवरही भारतीय मृदा व भू-उपयोग सर्वेक्षणाच्या नकाशांचं पान जोडलंय. ज्या भागाचं काम झालंय तिथे ते जरूर उघडून बघा.

संत्रा लावणाऱ्यांनी तर आधी खोली बघावी, मग नत्र-स्फुरद. दीड फुटावर मुरूम लागणाऱ्या जमिनीत पत्रिका कितीही हिरवी असली तरी झाड दहा वर्षांनी काय करेल हे सांगायला नको.

इलिनॉयकर
मी इथे इलिनॉयमध्ये शेतीसल्ल्याचं काम करते. इकडच्या कृषी खात्याचं वेब सॉइल सर्व्हे हे संकेतस्थळ फार प्रसिद्ध आहे. नकाशावर आपल्या शेताची हद्द आखायची, की आत कुठल्या शृंखलेच्या (सारख्या गुणांच्या नाव दिलेल्या गटाच्या) माती आहेत, किती खोल, निचरा कसा, उतार किती, सगळं येतं. ड्रमर ही आमच्या राज्याची अधिकृत राज्यमाती आहे, काळीभोर, आपल्याकडची आठवण करून देणारी. पण त्यातूनही या वर्षी किती स्फुरद टाकायचं ते कळत नाही. त्यासाठी इथलाही शेतकरी मातीची पिशवी घेऊन प्रयोगशाळेतच जातो. वाफसांनी 'आकडा कोणाचा' म्हटलं ते इकडेही तंतोतंत लागू आहे.

कापूसकोंड्या
राज्यपक्षी, राज्यफूल ऐकलं होतं. राज्यमाती पहिल्यांदाच ऐकली. महाराष्ट्राने ठरवायची म्हटली तर विदर्भ आणि कोकणात धागा पेटेल!

आंबेवाला
त्यात पेटायचं काय? जांभाच. :)

मांडवीतीर
गोव्याहून लिहितोय. आमच्या खाजन शेतांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींत, क्षारतेचा आकडा महिन्यावर अवलंबून असतो. मे महिन्यात नमुना घेतला तर विद्युत वाहकता खूप चढलेली, पाऊस दोन-तीन जोरदार सरी देऊन गेला की मीठ धुऊन खाली. कोरगुटसारखं मीठ सोसणारं भात आमच्याकडे म्हणूनच टिकलंय. त्यामुळे पत्रिकेवर नमुना कधी घेतला ती तारीख बघायची सवय लावून घ्या. दोन वर्षांच्या पत्रिका शेजारी ठेवताना महिना एकच असेल तरच तुलना खरी.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, दोन-तीन फुटांवर माती तेलकट, चिकट लागते हे विहिरीसाठी खणलं तेव्हाच पाहिलं होतं. आता आमच्याच वावरातून नमुना द्यायचं ठरलंय, वरचाही आणि खालचाही. पण निकाल यायला वेळ लागेल आणि सोयाबीन-तूर तर पेरायचीच आहे. तोवर 'फर्टिलायझर डोसेज'मध्ये कुठले आकडे भरू?

वाफसा
नाल्यापलीकडचे आकडे भरू नका. तोवर कृषी विद्यापीठाने तुमच्या विभागासाठी दिलेली पिकाची शिफारस धरून चाला. सर्वसाधारण ठोकताळा असा की माती 'कमी'त असेल तर त्या मूलद्रव्याची मात्रा सव्वापट, 'मध्यम' असेल तर शिफारशीएवढीच, 'जास्त' असेल तर पाऊणपट. तुम्हाला नक्की माहीत नाही, तेव्हा शिफारशीएवढी धरा. सोयाबीनला नत्राची चिंता कमीच, बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लावा, मुळांवर गाठी आल्या की ते आपली सोय बरीचशी आपण करतं.

गंधकाकडे मात्र लक्ष द्या, तेलबियांना ते लागतं. समजा हेक्टरी 60 किलो स्फुरद द्यायचंय. डीएपीतून दिलं तर 130 किलो लागेल, सोबत साडेतेवीस किलो नत्र येईल, गंधक येणार नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर 375 किलो, म्हणजे साडेसात गोण्या. वाहतूक वाढते, पण त्यातून 40 किलोच्या वर गंधक मिळतं. गावाच्या डॅशबोर्डवर गंधक किती नमुन्यांत कमी आहे ते बघा. बहुतेकांत कमी असेल तर सुपर फॉस्फेट घ्या. स्वतःचा निकाल हातात नसताना गावाचं चित्र वापरायचं ते असं.

निकाल आला की मग ते पान उघडा, आकडे भरा, पीक निवडा. खतांचे वेगवेगळे मेळ सुचवले जातात, त्यातलं गावच्या दुकानात जे मिळतं ते घ्या.

आजोळ
नमुना घेण्याबद्दल लिहिते, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं व्यर्थ. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा, विहिरीचा काठ, गुरं बसतात ती जागा सोडायची. सगळ्या शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी थांबायचं. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा, आतली माती काढून टाकायची आणि मग खड्ड्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची खाप काढायची. सगळ्या खापा लोखंडी घमेल्यात नको, स्वच्छ प्लास्टिकच्या टोपल्यात घ्यायच्या. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची तर लोखंडाचा, जस्ताच्या मुलाम्याचा स्पर्श टाळलेला बरा, लाकडी खुरपी चालते.

ढेकळं फोडून, खडे वेचून, गोल ढीग करायचा. त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेले मिसळून पुन्हा तसंच. अर्धा किलो उरेपर्यंत. ओली असेल तर सावलीत वाळवायची, उन्हात नाही. पिशवी कापडी, नवीन. खताच्या रिकाम्या गोणीत भरून नेलेल्या मातीचा पालाश कधी खरा येत नाही.

आमच्या भागातल्या एका प्रयोगशाळेने मला नुसतं 'कमी', 'मध्यम' लिहिलेला कागद दिला होता, आकडे नव्हते. मी आकडे मागून घेतले. तुम्हीही मागा. आणि नत्र प्रत्यक्ष तपासलं की सेंद्रिय कर्बावरून काढलं तेही विचारा, काही ठिकाणी कर्बावरूनच हिशेब मांडतात.

खारपाणपट्टा
आजोळ, फार नेमकं लिहिलंत. खालच्या थरांसाठी गिरमिट (माती काढायचा फिरकीचा सळ) वापरा, कृषी सहायकांकडे विचारून बघा. आणि प्रत्येक थराची माती वर काढताना वरच्या थराची आत पडू देऊ नका, नाहीतर 60 सेंटीमीटरची म्हणून पाठवलेली माती निम्मी वरचीच असते.

नवी_पेरणी
उशिरा वाचतोय. नमुना देताना मोबाईल नंबर विचारतात. आमच्याकडे आजोबांच्या नावावर जमीन, फोन वापरतो मी. कोणाचा नंबर द्यायचा?

वाफसा
जो नंबर पुढची तीन-चार वर्षं चालू राहील तो. नमुन्याची नोंद अ‍ॅपमध्ये शेतकऱ्याच्या मोबाईल नंबरसह होते, म्हणून नंबर बदलत राहिलात तर पुढे शोधायला त्रास होतो. आजोबांचं नाव सातबाऱ्याप्रमाणे लिहा, गट नंबर नीट सांगा, नंबर तुमचा द्या. आणि नमुना घेतला त्याच वेळी पिशवीवरच्या क्यूआर कोडचा आणि नमुना क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

नवी_पेरणी
झालं, आजोबांनाही सांगितलं. वाफसा आला की सहायकांना बोलावतो. (वावरातला वाफसा. :))